एक जून, एक जानेवारी आणि मरियम

लंडनमध्ये क्रॉयडनच्या आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वाढदिवस एक जानेवारीला असत. अफगाण, सोमाली, इरिट्रियन, सुदानी, ज्याला म्हणून आपली जन्मतारीख नक्की सांगता येत नाही त्याला इथलं सरकार एक जानेवारी देऊन मोकळं होतं. नवीन मुली नोकरीला लागल्या की फायली चाळता चाळता म्हणायच्या, "सुनंदा, हाऊ स्ट्रेंज!" मला त्याचं काडीचं नवल वाटत नसे. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. मिरजेच्या शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जून वाटला होता. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी जन्मले ती पौषात, कडाक्याच्या थंडीत. तेव्हा कागदावरची तारीख म्हणजे मास्तरांची सोय, हे बाळकडू मी लहानपणीच प्यायले होते. त्या बाळकडूपायी एका मुलीचं फार मोठं नुकसान झालं. ते सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल दुसरं काही सांगायला मला तोंड नाही.

मी वकील नाही. स्लाऊहून गाड्या बदलत क्रॉयडनला जायचं, एका छोट्या वकिली फर्ममध्ये टायपिंग करायचं, अशी सुरुवात झाली आणि केसवर्कर होऊन अठ्ठावीस वर्षांनी निवृत्त झाले. काम काय, तर युद्धातून जीव घेऊन आलेल्या माणसाला इथल्या सरकारला पटवून द्यावं लागतं की परत पाठवलंत तर मी मरेन. त्याच्याकडे कागद नसतात. ज्याच्या घराला आग लागली तो रेशनकार्ड शोधत बसत नाही. मग त्याची हकीकत हाच त्याचा पुरावा. ती ऐकून, प्रश्न विचारून, क्रमवार लिहून काढायची, प्रत्येक परिच्छेदाला आकडा घालायचा आणि त्याची सही घ्यायची. त्याला स्टेटमेंट म्हणतात. सरकारी माणूस त्यात कुठे बोट घालील ते आधीच ओळखून ते भोक बुजवायचं, हे खरं कौशल्य. आणि मी त्यात तरबेज होते, उगाच विनय कशाला दाखवू? कोर्टात द्यायच्या कागदांच्या माझ्या बंडलात पानाचा आकडा चुकलाय असं एकाही न्यायाधीशाला कधी म्हणता आलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जाफन्याच्या एक बाई दर भेटीला मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, आणायच्या. मी एकदा माझी चकली नेली, तर त्यांनी एक तुकडा मोडून, "तेल पितेय," असा निकाल दिला, आणि मग नवरा कसा नेला गेला ते शांतपणे सांगितलं. सीरियातले एक औषधवाले होते. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये मी "पळून आलो" असं लिहिलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. म्हणाले, "पळालो नाही. गिऱ्हाइकांची उरलेली औषधं ज्याची त्याला पोचवली, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि निघालो." मी तसंच्या तसं लिहिलं. त्यांच्या केसमध्ये न्यायाधीशांनी तेवढंच वाक्य निकालात उतरवून घेतलं होतं.

आता हारूनबद्दल. हारून सुदानच्या पश्चिम टोकाचा, दारफुरमधल्या जेनीना गावचा. भूगोलाचा मास्तर. तिकडे त्याला धरलं, मारलं, सोडलं, आणि पुन्हा धरायला येणार असं कळल्यावर तो बायकामुलांना मागे ठेवून निघाला. लीबिया, समुद्र, फ्रान्स, असं करत इथे आला. त्याला राहायची परवानगी मिळाली आणि तो स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामात खोकी उचलायला लागला. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. तेवढ्यात तिकडे मोठं युद्ध पेटलं.

"पण हे भांडतात कशासाठी?" मी त्याला एकदा विचारलं. मास्तरच तो. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि फॉर्मच्या पाठीवर नकाशा काढायला बसला. पावसाची एक आडवी रेघ काढली, तिच्याखाली दुसरी. म्हणाला, "मॅडम, माझ्या आजोबांच्या वेळी पाऊस इथपर्यंत यायचा. आता इथेच थांबतो. वर जनावरं चारणारे लोक, खाली आम्ही बाजरी पेरणारे. पाणी सरकलं, जनावरं खाली आली. भांडणं पूर्वीही व्हायची, पण म्हातारे बसून मिटवायचे. मग सरकारने एका बाजूच्या हातात बंदुका दिल्या."

"आणि आताचं?"

"त्या बंदूकवाल्यांचा पुढारी जनरल झाला. आधीचा एक जनरल होताच. कालपर्यंत एका ताटात जेवत होते. मोठा कोण, एवढ्यावरून फाटलं."

भाऊबंदकी आपल्याला काही नवीन नाही, पण आपल्याकडे ती कोर्टात जाते. तिकडे ती हारूनच्या गल्लीत शिरली. त्याची बायको जहरा तीन मुलांना घेऊन सरहद्दीपलीकडे चाडमध्ये चालत गेली. एकाच ओढणीला तिन्ही मुलांची मनगटं बांधली होती, म्हणजे गर्दीत एकही सुटायला नको. तिथल्या छावणीत काठ्या आणि ताडपत्रीची एक झोपडी मिळाली. हारून जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचा. लागला तर लागला. मुलं पलीकडून भांडताना ऐकू यायची, इद्रिस आणि मरियम पाठीला पाठ लावून उभे राहायचे आणि उंच कोण यावरून आरडाओरडा करायचे. हारून मला म्हणाला होता, "माझ्या मुलांचे चेहरे मला आता अंदाजाने लावावे लागतात. आवाज तेवढे खरे आहेत."

ज्याला इथे आसरा मिळाला असेल त्याला नवरा किंवा बायको आणि अल्पवयीन मुलं आणता येत असत. त्या अर्जासाठी तो माझ्यासमोर बसला.

"मुलं किती?"

"तीन."

"नावं आणि जन्म सांगा."

"हवा, बारा वर्षांची. मग इद्रिस, नऊ. जूनमध्ये, पेरणी चालू होती. मग मरियम. त्याच वर्षी नोव्हेंबर, बाजरी काढून झाली होती."

मी लिहिता लिहिता थांबले. जून ते नोव्हेंबर. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. एका आईला पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं होत नाहीत, हे कळायला केसवर्कर व्हावं लागत नाही. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून ट्राम बघत होता.

आणि मी विचारलं नाही.

एक तर मला वाटलं, तारखा काय, एक जूनच्या जातीच्या. कुणीतरी ठोकून दिलेल्या. दुसरं कारण सांगायला जड जातं. मिरजेला आमच्या घरी आम्ही सहा भावंडं. त्यातली दोन काकांची, काका-काकू गेल्यावर आमच्यात आलेली. पण कोणती दोन, हे बाहेरच्या माणसाने विचारलेलं आईला खपत नसे. एकदा एका पाहुणीने "ह्यातली तुमची कोणती?" असं विचारलं, तर आईने तिच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला होता. बापासमोर बसून "ही तुमची स्वतःची का?" असं विचारणं माझ्या जिभेवर येईचना. मी मरियमच्या नावापुढे "मुलगी" लिहिलं आणि खाली माझ्या नेहमीच्या चलाखीने एक ओळ घातली: "जन्मतारखा अंदाजे आहेत." भोक बुजवलं. स्वतःवर खूशही झाले.

तो अंदाजे सांगतच नव्हता. भूगोलाचा मास्तर, पेरणी आणि कापणी धरून महिना सांगत होता. त्याच्या दोन्ही तारखा खऱ्या होत्या.

कागद नाहीत म्हटल्यावर नातं सिद्ध करायला डीएनए चाचणी करून घ्यावी, असा सल्ला मीच दिला. गालाच्या आतून कापूस फिरवतात, दुखत नाही, हे समजावलं. हारून हसून म्हणाला, "करा, करा. सगळं माझंच रक्त आहे." तेही खोटं नव्हतं. जहराने मुलांना घेऊन ट्रकमधून दोन दिवस प्रवास केला, राजधानीत नमुने दिले, परत आली. रिपोर्ट थेट सरकारकडे गेला.

उत्तर आलं तेव्हा मी डबा खात होते. जहरा, हवा, इद्रिस, तिघांना व्हिसा. मरियमला नकार. अर्जदाराने ती आपली मुलगी असल्याचं सांगितलं, चाचणीनुसार ती त्याच्या भावाची मुलगी असण्याची शक्यता आहे, सबब अर्जदाराने खोटी माहिती दिली. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि डब्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी हारून माझ्या घरी आला. आमच्या ह्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि टीव्ही बंद केला. मी पत्र वाचून दाखवलं. तो रागावला नाही, त्याला कळतच नव्हतं.

"पण ती माझ्या भावाचीच आहे," तो म्हणाला. "भाऊ मारला गेला तेव्हा ती पोटात होती. वहिनी बाळंतपणात गेली. जहराच्या अंगावर इद्रिस पीत होता. तिने दुसऱ्या बाजूला मरियमला घेतलं. आमच्यात दूध पाजलं की मूल तुमचं. मग ते इद्रिसचं भावंड होतं, त्यांचं आपसात लग्नसुद्धा होऊ शकत नाही. ह्यात खोटं काय, मॅडम?"

दुधाचं नातं तपासायची चाचणी कुठल्या प्रयोगशाळेकडे नाही. पण कायद्याकडे भावाच्या मुलीसाठी वेगळा रस्ता होता. चिंचोळा, पण होता. अनाथ पुतणी, दुसरं कोणी नाही, छावणीत, युद्धात. मी त्या रस्त्याने माणसं आणलेली आहेत. पहिल्या दिवशी खरं लिहिलं असतं तर तिचा अर्ज वेगळा, नीट गेला असता. आता तिच्या फायलीवर "खोटं" हा शिक्का होता, आणि तो हारूनच्या नावाने होता.

मी त्याला तिथेच सांगितलं. "हारून, चूक तुमची नाही. मला शंका आली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी विचारलं नाही."

तो म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी पण काही बोलत नाही." आणि चप्पल घालून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी मुलगी अनू इथेच जन्मलेली, मेडनहेडला असते. तिला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, पण तू फक्त विचारायचा होता ना? इट्स वन क्वेश्चन. एवढी सोपी प्रश्न." तिचं मराठी असंच, लिंगांची खिचडी. एरवी मी सुधारते. त्या दिवशी नाही सुधारलं, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं.

व्हिसा मिळाला की नव्वद दिवसांत निघावं लागतं, नाहीतर तो मरतो. जहरापुढे सरळ हिशेब होता. मरियमला शेजारणीकडे ठेवून दोघांना घेऊन यायचं, की सगळ्यांनी तिथेच राहायचं. हारून रोज फोन करायचा. साठ दिवस गेले, सत्तर गेले. मला रोज वाटे की ती येईल, आणि दुसऱ्या क्षणी वाटे, कशी येईल? शेवटी जहराने तिसराच निर्णय दिला. छावणीतली एक ओळखीची बाई आपल्या मुलांसह इकडे निघाली होती. तिच्या हाती हवा आणि इद्रिसला सोपवलं. हारूनला म्हणाली, "ह्या दोघांना तिकडे बाप आहे. हिला इकडे मी सोडून कोण आहे?"

हीथ्रोला मी हारूनबरोबर गेले. माझी काही गरज नव्हती, पण घरी बसवेना. हवा पुढे, ओळखीच्या बाईचा हात धरून इद्रिस मागे. हवाने बापाला लगेच ओळखलं. इद्रिसने नाही. बाप घर सोडून गेला तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. हारून गुडघ्यावर बसला, नाव घेऊन हाक मारली, तेव्हा त्या आवाजावर पोरगं वळलं आणि धावत आलं. मला रडू फुटलं, आणि लाजही वाटली, कारण त्या रडण्यात आनंद निम्माच होता.

घरी हारूनने तीन जोड्या बूट आणून ठेवले होते. मापं जहराने फोनवरून बोटांनी मोजून सांगितलेली. दोन जोड्या गेल्या पायात. तिसरी बदलायला तो दर काही महिन्यांनी नवं माप विचारतो, दुकानवाले बदलून देईनात तेव्हा नवीच घेतो. मरियमचा पाय वाढतो आहे एवढी एकच बातमी त्याला तिच्याबद्दल हाताने चाचपून बघता येते.

इकडे ऑफिसात मी माझी साहेबीण फिओना हिच्यासमोर पत्र ठेवलं. आमच्या धंद्याचा नियम असा की चूक आपलीच असेल तर अशिलाला दुसऱ्या वकिलाकडे पाठवायचं. फिओनाने ते चोख केलं, आणि त्या नव्या वकिलाने नकारावर अपील लावलं. मग मी म्हटलं, मला अपिलात साक्ष द्यायची आहे. ती म्हणाली, "सुनंदा, शेवटचं वर्ष तुझं. स्पॉटलेस रेकॉर्ड आहे." तेच तर. त्या रेकॉर्डपायीच मी भोकं बुजवत बसले होते.

शेकडो माणसांना मी त्या खुर्चीवर बसायला शिकवलं होतं. थोडक्यात बोला, घाबरू नका, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आता मी स्वतः तिथे बसले. सरकारी वकील तरुण होता, सभ्य होता.

"दोन मुलांत पाच महिन्यांचं अंतर आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही."

"का?"

मी एक जूनची गोष्ट सांगितली. मास्तर, मिरज, पौष. वकिलाने माझ्याच स्टेटमेंटचं पहिलं पान उलटून माझी जन्मतारीख पाहिली. न्यायाधीश बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आत्ता शपथेवर जी तारीख दिलीत ती खरी नाही?" मी म्हटलं, "सरकारी आहे, मॅडम. खरी मलाही माहीत नाही." कोणीतरी हसलं. मग मी उरलेलंही सांगितलं, की एका बापाला "ही तुमची का" असं विचारायची मला लाज वाटली. ते मात्र कोणी हसण्यावारी नेलं नाही.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की हारून खोटं बोलला नाही. शिक्का पुसला गेला. मरियमचा अर्ज भावाची मुलगी म्हणून नव्याने तपासावा असा हुकूम झाला. तेव्हापासून तो तपासला जातोय. मी निवृत्त झाले, नियम मधल्या मधे बदलत राहिले, दुसऱ्या फर्मची पोरगी दर महिन्याला पत्र पाठवते, दर महिन्याला "विचाराधीन" असं उत्तर येतं. मला अजून सकाळी क्रॉयडनच्या गाडीच्या वेळेला जाग येते. पत्र आलं असेल का, हा पहिला विचार.

गेल्या ईदला हारूनने जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर व्हिडिओ कॉल लागला, आणि पहिल्यांदाच मी जहराला पाहिलं. माझ्यापेक्षा खूप लहान, चेहरा थकलेला, नजर करडी. मरियम तिच्या खांद्यामागून डोकावत होती. इद्रिस फोन हिसकावून काहीतरी ओरडला, ती पलीकडून ओरडली. मग जहरा म्हणाली, त्या बाईंना द्या.

हारून मध्ये बसून तिचं बोलणं मला सांगत होता. मी म्हटलं, "तिला सांगा, चूक माझी होती. मी विचारायला हवं होतं. मला क्षमा कर म्हणावं." त्याने सांगितलं. जहराने उलट एक प्रश्न विचारला.

"विचारतेय, तुम्हाला मुलं किती?"

"एक. मुलगी आहे, अनू."

जहरा पुन्हा काही बोलली. ह्या वेळी हारूनने ते मला सांगितलं नाही. "काय म्हणाली?" मी विचारलं. तो मान हलवून म्हणाला, "जाऊ द्या, मॅडम." मी म्हटलं, "नाही, सांगा."

"विचारतेय, ती तुमची स्वतःची आहे का?"

माझं अंग तापलं. खोटं कशाला सांगू, संतापच आला. बत्तीस वर्षं वाढवली मी तिला, तिची आजारपणं काढली, आणि ही परकी बाई, जिने मला आज पहिल्यांदा पाहिलं, ती विचारते, तुमची का? जहरा पडद्यावरून माझा चेहरा बघत होती. तिने मरियमला ओढून मांडीवर घेतलं, दहा वर्षांची घोडी, पाय जमिनीला टेकत होते. मग हळू आवाजात बोलली, आणि हारूनने शब्दाला शब्द सांगितलं.

"मलाही असाच राग आला असता. तरी तुम्ही विचारायला हवं होतं."